माझ्या तळाशी राहिलेली हवा

मित्रांनो, साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्या घराच्या दारात माणसाच्या दुप्पट उंचीचं एक जुनं पिंप उभं आहे, ते मी. देवदाराच्या फळ्या भिडवून, भोवती बांबूच्या गोल कड्या ठोकून मला घडवलं, त्याला साठ वर्षं झाली.

भातकापणी उरकून बर्फ पडू लागलं की डोंगरातले शेतकरी इथे कामाला येत. वाफवलेला तांदूळ महिनाभर माझ्या पोटात आंबत राही आणि त्याची साके होई. पहिला घोट देवळात जाई, मग गावात. "यंदाही पिंपानं लाज राखली," असं म्हातारे म्हणत. मला बरं वाटे.

पण तांदूळ आंबताना जड वायू निघतो. तो दिसत नाही. साके काढून घेतली तरी तो तळाशी पडून राहतो. म्हणून मुख्य कारागीर कुमेहाची यांचा नियम होता: आधी दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. विझला, तर कुणी उतरायचं नाही.

एका हिवाळ्याच्या अखेरीस, सकाळीच मला धुवायचं होतं. इवाकिची नावाच्या कामगारानं आत शिडी लावली.

"कंदील सोडून बघ आधी," त्याचा थोरला भाऊ तोमेझो म्हणाला.

"दादा, कालपासून झाकण उघडं आहे. तू म्हातारा झालास बघ."

तो हसत उतरला. तळाला पाय टेकले आणि तो वाकला, जणू काही उचलायला. मग उठलाच नाही. तोमेझोनं एकदाच हाक मारली आणि भावामागे उडी घेतली.

माझ्याच पोटात होते दोघे. मला कूस बदलता येईना.

तिसरा कामगार, यासुके, काठावर चढला होता. धावत आलेल्या कुमेहाचींनी त्याचा कमरपट्टा धरला.

"सोडा, काका. जीव असेल त्यांच्यात."

"असेल. पण तू उतरायचं नाहीस."

आकड्यांनी ओढून काढलं, तेव्हा दोघेही गेले होते. त्या वर्षीची साके गावात कुणी ओठाला लावली नाही.

मालक मला फोडून जाळायला निघाले. तोमेझोची बायको फुकी आडवी आली.

"जाळू नका," ती म्हणाली. "जाळलं की विसराल. दारात ठेवा. आत जाणाऱ्यानं बघून जावं."

मग दर हिवाळ्यात, कामाच्या पहिल्या दिवशी, ती येई. प्रत्येक कामगाराचा हात माझ्यावर ठेवून दोघांची नावं म्हणायला लावी. फुकी वारून बरीच वर्षं झाली; ती नावं म्हणणारे कामगारही आता उरले नाहीत. आता माझ्या फळ्या आकसल्यात, कड्या सैल पडल्यात. घरात आता चकचकीत टाक्या आल्यात, आणि त्या धुवायला माणसंच उतरतात. परवा एका नव्या कामगारानं ओले मोजे माझ्यावर वाळत घालताना विचारलं, "हे धूड इथं कशाला ठेवलंय?"

कुणालाच सांगता आलं नाही.

मित्रांनो, मला नव्या कड्या नकोत. त्या नव्या कामगाराशी मला बोलता येत नाही, तेव्हा त्या दोघा भावांची गोष्ट आणि कंदिलाचा नियम तुम्ही त्याला सांगा. तो टाकीत उतरायच्या आत सांगा.