वकीलबाईंची सुट्टी

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. वय साडेसात आणि अशील एकच, पाच वर्षांचा धाकटा भाऊ टिल्लू. टिल्लूला तहान लागली की ती सांगायची, टिल्लूला झोप आली की ती सांगायची. कुणी थेट त्यालाच विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?" तर तो बहिणीकडे बघायचा आणि उत्तर तिच्या तोंडून यायचं.

आई हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दोघांच्या ड्यूट्यांचा मेळ कधी बसायचा नाही. "जरा बघ हं त्याच्याकडे," हे वाक्य घरात दिवसातून वीसदा ऐकू यायचं. चौघं मिळून अशी पहिल्यांदाच सुट्टीवर निघाली होती, सात दिवसांच्या क्रूझवर.

दुसऱ्या दिवशी नाश्ता आटोपून चौघंही जहाजाच्या नवव्या मजल्यावरच्या मुलांच्या क्लबात गेली. नावं लिहून घेताना टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "पाच वर्षांपर्यंतची मुलं पिवळ्या खोलीत, सहाच्या पुढची निळ्या खोलीत."

"म्हणजे वेगवेगळे?" आईने विचारलं.

"मधे काचेची भिंत आहे. एकमेकांना बघता येतं."

वकीलबाई टेबलाशी गेली आणि टाचा उंचावून सांगायला लागली. "तो दूध थंडच पितो. शूला जायचं असलं की एका पायावर उभा राहतो, बोलत नाही. ढोल वाजला की घाबरतो. आणि त्याच्या बुटांना डबल गाठ लागते."

बाईंनी हसू दाबून एकेक गोष्ट लिहून घेतली. मग आईच्या हातात एक छोटा फोन दिला. "काही लागलं तर यावर कळवू. निवांत बसा."

निवांत बसणं आईबाबांच्या सवयीचं नव्हतं. वरच्या डेकवर दोन आरामखुर्च्या पकडून दोघं पडले. बाबा दहा मिनिटांत उठले. "जरा इथल्या लिफ्ट बघून येतो."

"अरे, सुट्टी आहे ना तुझी?"

"हात नाही लावत. नुसता आवाज ऐकतो."

आई एकटीच समुद्राकडे बघत बसली, पण जीव सगळा त्या फोनात. पाऊण तासाने तो वाजला, तेव्हा तिने तो निम्मा वाजायच्या आतच उचलला. "तुम्ही जरा येता का?" एवढंच ऐकून ती जिन्याने खाली धावली. टिल्लूने रडून गोंधळ घातला असणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

टिल्लू कोपरापर्यंत केशरी रंगात बुडाला होता. समोरच्या मुलाला आपलं चित्र दाखवून तो मोठ्याने सांगत होता, "हा वाघ नाहीये, हा आमचा बाबा आहे!" त्याने आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बोलावणं आलं होतं ते थोरलीसाठी. निळ्या खोलीबाहेरच्या बाकावर ती पायात बूट घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. निळ्या खोलीच्या बाई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रडली वगैरे नाही हो. पण तिला विचारलं, तुला काय खेळायचंय, तर म्हणते, त्याला ठोकळे आवडतात. चित्र काढतेस का, तर म्हणते, त्याचं झालं की काढीन. आणि पूर्ण वेळ काचेपाशी उभी."

 आई बाकावर लेकीशेजारी टेकली.

"काय झालं गं?"

"काही नाही." मग बुटाचं टोक जमिनीवर घासत, "त्याने बाईंना स्वतः सांगितलं, शूला जायचंय म्हणून. मी काचेतून बघितलं, बाई त्याला लगेच घेऊन गेल्या. एका पायावर उभापण नाही राहिला."

"बरं झालं की."

"हो," ती म्हणाली. आवाज मात्र एवढासा झाला होता.

आईने तिला क्लबाबाहेर काढलं. "चल, आता आपण दोघीच. कुठे जायचं?"

"टिल्लूला पोहायला आवडतं."

"टिल्लू रंगवतोय. तुला काय आवडतं?"

वकीलबाई थांबली. एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी मुलगी जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "माहीत नाही."

 दुसऱ्यांचे आखडलेले खांदे मोकळे करणं हे आईचं रोजचं काम. घरातल्या या दोन लहान खांद्यांवर आपण काय काय ठेवत गेलो, ते तिला त्या जिन्यात दिसलं. "मी तुला सारखं बघ बघ म्हणत राहिले ना?" ती म्हणाली. "चुकलं माझं. इथे त्याच्याकडे बघायला माणसं आहेत. तू नाही बघायचंस."

"मग मी काय करू?"

"ते आपण शोधू."

दोघी जहाजभर हिंडल्या. टेबलटेनिस खेळून पाहिलं, चेंडू चारदा खुर्च्यांखाली गेला. वाचनालयात दोन पुस्तकं उघडून मिटली. आइस्क्रीम घेताना ती सवयीने म्हणाली, "एक व्हॅनिला," आणि लगेच, "नको, थांबा. त्याला व्हॅनिला लागतं." बराच वेळ काचेवर नाक टेकवून तिने लिंबाचं निवडलं. पहिल्या घासाला तोंड वेडंवाकडं झालं, पण कप तिने चाटूनपुसून संपवला.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून निळ्या खोलीत गेली. तिथे शेवटच्या रात्रीसाठी नाटक बसत होतं. राजा, कासव, वादळ, कॅप्टन, अशा सगळ्यांनी हात वर करकरून भूमिका घेतल्या. बाईंना वाटलं, एवढी बोलकी मुलगी कॅप्टनच मागणार. वकीलबाई म्हणाली, "मला खडक व्हायचंय."

"खडकाला एकही वाक्य नाही बरं का."

"म्हणूनच."

संध्याकाळी जेवताना आईने हळूच विचारलं, "खडक बनून दिवसभर चादरीखाली कंटाळा नाही आला?"

"छे! सगळे येऊन माझ्यावर बसतात. मला काही म्हणजे काहीच करायचं नसतं." असं म्हणून ती इतकी मनापासून हसली की बाबांनी सूपचा चमचा खाली ठेवला.

त्यानंतरचे दिवस छान गेले. सकाळी मुलं क्लबात, दुपारी सगळी मिळून पोहायची. आईबाबा एकदा आरामखुर्च्यांवर हातात हात घेऊन बोलत बसले आणि बोलता बोलता दोघांचाही डोळा लागला. उठले तेव्हा बाबांच्या कपाळावर टोपीची पट्टी पांढरी आणि खालचं नाक लालबुंद.

नाटक झकास झालं. कासव वाक्य विसरलं, वादळाला शिंक आली आणि खडक चादरीखाली खदखदून हलला, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. टिल्लू पुढच्या रांगेत उभा राहून शेजारच्या अनोळखी आजोबांना सांगत होता, "तो दगड आहे ना, ती माझी ताई आहे."

जहाज धक्क्याला लागायच्या दिवशी सकाळी केबिनमध्ये बॅगा भरायची घाई चालली होती. आई बाथरूममधून ओरडली, "कुणीतरी टिल्लूचे बूट घाला रे!"

थोरली पलंगावर पालथी पडून खिडकीतून क्रेन बघत होती. तिने मानही वळवली नाही. बाबा गुडघ्यावर बसले आणि नाडी ओढता ओढता टिल्लूला म्हणाले, "पाय दे इकडे, साहेब."