कानामागचं काळं

जोतीराम मास्तर थकले होते. सहा महिने रोज शाळा सुटल्यावर जस्ताच्या एका पत्र्याशी झटणारा माणूस थकणारच. लख्ख घासलेल्या पत्र्यात ऋण वीज भरून जवळ मॅग्नेशियमची फीत जाळली, की त्या उजेडाने विजेचे कण पत्र्यावरून पळ काढतात आणि पत्रा ज्यावर बसवलेला असतो त्या वीजदर्शक यंत्रातली, विजेने फाकलेली वर्खाची पानं मिटतात. रेडिओच्या दिव्यात, म्हणजे व्हॉल्व्हमध्येही, असेच कण नको तिथून उडतात. मास्तरांचं म्हणणं एवढंच, की पत्र्यावर काजळीचा पातळ थर द्या, कण जागचे हलायचे नाहीत.

पण घासलेटची काजळी धड बसेल तर शपथ. शेवटी युक्ती निघाली ती रंभाबाईंच्या चुलीपाशी. पोरं लहान असताना बाई एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरत, तसाच त्यांनी नवऱ्याचा पत्रा धरला. थर असा बसला की मास्तर बघतच राहिले.

आज पुण्याचे प्रोफेसर तासाभरासाठी शाळेत येणार होते. प्रयोग पटला तर मास्तरांना त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा कोण विचारतो? पत्रा फडक्यात गुंडाळून देता देता रंभाबाई म्हणाल्या, "अवो, जरा थांबा की," आणि नवऱ्याच्या कानामागं बोट टेकवलं.

शाळेत घामेजल्या चष्म्याने मास्तरांनी पत्रा कसाबसा यंत्रावर बसवला. प्रोफेसरांनी घड्याळ काढलं. फीत पेटली, आणि पानं सावकाश मिटली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"काजळी कण धरत नाही, मास्तर," प्रोफेसर हळुवारपणे म्हणाले आणि स्टेशनाच्या टांग्यात बसले.

मास्तरांनी चष्मा पुसून पत्रा उजेडात धरला. काजळीत बोटाएवढी जागा साफ पुसलेली होती. तेवढ्यातूनच कण निसटले होते. त्यांनी कानामागं हात नेला. बोट काळं झालं.

घराकडे निघाल्यावर सात रस्त्याच्या चौकापर्यंत त्यांचा संताप संताप झाला. पुढे चालताना संतापायचंही त्राण उरलं नाही.

रंभाबाई दारातच होत्या. "डबीतलं काजळ संपलं हुतं, म्हनून पत्र्यावरचं वाईच घेतलं. लागली न्हाय न्हवं कुनाची दिष्ट?"

मास्तर पायरीवर बसले, पत्रा त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

"न्हाय गं," ते म्हणाले, "दिष्ट न्हाय लागली."