पाचवी फेरी

चार फेऱ्या झाल्या, पाचवी झाली नाही. त्याला तीन वर्षं उलटली, तरी ड्रायव्हर अजून तिथेच अडकला होता.

तसा आता तो ड्रायव्हर राहिला नव्हता. या परक्या देशात एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो चादरींच्या घड्या घालायचा. गावाकडून आलेली माणसं मात्र त्याला ड्रायव्हरच म्हणत. लढाई वेशीपाशी येऊन ठेपली त्या दिवशी त्यातल्या कितीतरी जणांना त्यानेच आपल्या बसमधून सरहद्दीपलीकडे आणून सोडलं होतं. रस्त्यात भेटले की ते हात जोडत आणि हा मान फिरवून चालू लागे. लोकांना वाटे, माणूस शिष्ट झाला.

झोप उडाली, जेवण सुटलं, एकदा कामावरच चक्कर येऊन पडला. तेव्हा डॉक्टरांनी त्याला समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाई पस्तिशीच्या. त्याही लहानपणी आईचं बोट धरून असंच देश सोडून आलेल्या, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

"काका, सकाळी कशासाठी उठता?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गजर होतो म्हणून."

बाई हसल्या. ड्रायव्हरच्या ओठांचा कोपराही जरा हलला, पण पुढे तासभर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

चौथ्या भेटीत त्याने तोंड उघडलं. चौथ्या फेरीत त्याची बायको आणि मुलगी होती. बस गच्च भरली आणि थांब्यावर अकरा माणसं उरली. "अर्ध्या तासात आलोच," असं त्यांना सांगून तो निघाला. सगळ्यांना पलीकडे उतरवून त्याने बस वळवली, तेव्हा गावावर धूर चढलेला दिसत होता. बायकोने बसचं दार घट्ट धरून ठेवलं. त्याने इंजिन बंद केलं.

"बाई, हे डोक्यातून जाईल असं काहीतरी द्या."

"तसं काही माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही, असंही मी म्हणणार नाही. ते ठरवणारी मी कोण? पण ती माणसं तुमच्या लेखी कुणीच नसती, तर तुम्हाला इतकं दुखलं असतं का? झालं ते बदलता येत नाही, काका. त्याचं पुढे काय करायचं, ते अजून तुमच्या हातात आहे. त्यांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच."

"मग त्यांच्या घरच्यांना काय माहीत असेल?"

ड्रायव्हरला राग आला. माणसाने दुखणं सांगावं आणि वैद्याने उलट कामाला जुंपावं, ही कुठली रीत? दोन आठवडे तो तिकडे फिरकलाच नाही.

मग एका रविवारी दुपारी तो कागद घेऊन टेबलाशी बसला. समोर बायको बटाटे सोलत होती.

"थांब्यावर उरले त्यांत गवंडी होता का गं?"

तीन वर्षांत त्या घरात हा विषय कुणी काढला नव्हता. बायकोच्या हातातली सुरी थांबली.

"होता. त्याची म्हातारी सासूही होती," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "मी दार धरलं नसतं तर तुम्ही गेला असता. म्हणूनच माझ्याशी धड बोलत नाही ना?"

त्याने पेन खाली ठेवलं. "मला वाटायचं, तू मला भेकड समजतेस."

"मी?"

"दार तू धरलंस. किल्ली मी फिरवली. मला जायचंच असतं, तर तुला बाजूला करता आलं नसतं का?"

ती रडली. त्याने तिला रडू दिलं. मग दोघांनी मिळून आठवून आठवून अकरातली नऊ माणसं कागदावर उतरवली. दोन काही केल्या आठवेनात.

तो कागद घेऊन तो बाईंबरोबर हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या कचेरीत गेला. दोन महिन्यांनी गवंड्याच्या मुलीचं पत्र आलं. तुम्ही परत का आला नाहीत, असं तिने विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, की बाबा एकटे होते का, आणि घाबरले होते का.

उत्तर लिहायला ड्रायव्हरला चार दिवस लागले. त्याने लिहिलं: 'एकटे नव्हते. आजीला पेटीवर बसवून तिच्या पाठीला हात लावून उभे होते. बसमध्ये दोघांपुरती जागा उरली होती, पण मागे तान्हं मूल घेतलेली बाई बघून त्यांनीच तिला आणि तिच्या नवऱ्याला पुढे केलं. घाबरले होते की नाही, ते मला माहीत नाही. मी परत येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. हे मीच तुम्हाला सांगायला हवं.'

मुलीचं उत्तर आलं. त्यात माफी नव्हती आणि दोषही नव्हता. 'बाबा गर्दीत मागे रेटले गेले असतील, असंच आजवर वाटायचं,' तिने लिहिलं होतं. 'त्यांनी जागा दिली, हे आता माझ्या लेकाला सांगेन.'

ड्रायव्हरने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. निम्म्यावर त्याने पत्र तिच्या हाती दिलं, पुढचं तिने वाचलं.

झोप अजूनही तुटकच येते. पण जेवण पोटात जातं आणि आठवड्याला तो बाईंकडे जातो. परवा त्या कचेरीमार्फत आणखी एक पत्र आलं. कुणी बहीण भावाचा पत्ता विचारत होती, सोबत फोटोही होता. तो चेहरा ड्रायव्हरला आठवला नाही, बायकोलाही नाही. खोटा धीर देण्यापेक्षा त्याने तसंच लिहिलं: 'मला आठवत नाही. पण माझ्या बसमधून आलेली पुष्कळ माणसं याच शहरात आहेत. त्यांना विचारतो.'

आणि फोटो खिशात घालून तो पहिल्या घराचं दार वाजवायला निघाला.