काकूंची टेप आणि एक 'नको'

मी एक जुनी टेप आहे मित्रांनो, शिवणकामाची, साठ इंचांची, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते आणि स्वतःवर फार खूश होते.

मला काकूंनी विकत घेतलं. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं लहानसं दुकान. एक मशीन, एक आरसा आणि मापाची वही, एवढाच पसारा. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात. "काकूंचं माप कधी चुकत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि त्यातलं अर्धं कौतुक मी माझ्याकडे ओढून घ्यायचे.

काकूंची एक सवय मात्र मला मुळीच आवडायची नाही. समोर चार वर्षांचं पोर असलं तरी त्या आधी विचारायच्या, "माप घेऊ का?" पोर हो म्हणेपर्यंत मी लोंबकळत. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दारात गर्दी असायची, आणि काकूंचं आपलं विचारणं चालूच. माझा अगदी जीव वरखाली व्हायचा.

अशाच एका दुपारी आठेक वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. दर वर्षी यायची ती. मी पोटाला लागले की खुदुखुदु हसायची. या खेपेला काकूंनी विचारलं, तशी ती भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम," आई म्हणाली. "काकू काय परक्या आहेत का? मोठ्यांना असं नाही म्हणू नये."

मलाही वाटलं, काय हे नखरे.

"नको ना? मग नको," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा गणवेश आणलाय का? त्याच्यावरून घेते, दोन बोटं वाढवून."

गणवेशाचं माप झाल्यावर काकूंनी मला गुंडाळायला मुलीच्या हातात दिलं. ती सावकाश गुंडाळत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "काकू, नको म्हटलं की थांबायचं असतं?"

"हो. सगळ्यांनी."

"शिकवणीचे सर नाही थांबत. अंगाला हात लावतात. आईला सांगितलंस तर ती तुलाच रागवेल, म्हणतात."

"काहीतरीच काय..." आईच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडलं. मुलीने मला इतकं आवळलं, की माझ्या टोपीचा वळ तिच्या तळव्यावर उठला. आईने आता विश्वास ठेवला नाही, तर ही पोर पुन्हा कधी बोलणार नाही, एवढं मलाही कळत होतं.

आई तिच्यासमोर खाली बसली. "मी नाही रागवणार. सांगितलंस, फार बरं केलंस. चूक सरांची आहे, तुझी नाही. आणि मोठ्यांना नाही म्हणू नये, हे मी शिकवलं, ते माझं चुकलं."

मला माझीच लाज वाटली.

शिकवणी त्याच दिवशी बंद झाली. आईबाबा पोलिसांत गेले, काकूही सोबत गेल्या. मग त्या शिकवणीतली आणखी दोन मुलं बोलली.

पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा आली. "माप घेऊ का?" काकूंनी विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "खांद्याचं घ्या. कमरेचं मी घेते." तिने अर्धा इंच जास्तच मोजलं. काकूंनी वहीत तेवढंच लिहिलं.

आता मी ताणले गेले आहे, आकडेही पुसट झालेत. बटणांच्या डब्यात पडून असते. मित्रांनो, तुमचं अंग तुमचं आहे. कुणाचा हात नकोसा वाटला तर नको म्हणा. म्हणता आलं नाही, तरी चूक तुमची नसते. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, मला खुशाल डब्यात ठेवा. पण मुलाला हात लावण्याआधी काकूंसारखं विचारा, आणि ते नको म्हणालं तर थांबा.