कॉम्प्युटरचा झगा

डिसेंबर लागला की कुदुगूत वाळवंटाकडचा वारा सुटतो, आणि पार मार्चपर्यंत धूळ गावाची पाहुणी होऊन राहते. भातात ती, पापण्यांत ती, चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या प्रवचनात खोकला होऊनही तीच. लोक तिच्याशी भांडत बसत नाहीत. झटकतात आणि आपल्या कामाला लागतात. भांडायची ती एकटी ओनोरीन झोंग्राना, कारण तिच्या दुकानात कॉम्प्युटर होता.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. लग्नाच्या पुस्तिका, मयताच्या पुस्तिका, अर्ज, फोटो, सगळं तिथं छापून मिळायचं. त्या कॉम्प्युटरसाठी ओनोरीनने कित्येक वर्षं बाजारात तेलाच्या कढईपुढे उभं राहून भजी तळली होती. तो घरी आला त्या दिवशी तिच्या आईने, म्हाताऱ्या तिपोकोने, पेटीवरून हात फिरवला, वीत वीत मापं घेतली आणि ती मागावर जाऊन बसली.

तिपोकोची उभी हयात मागावर गेलेली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, समोरचं माणूस तिला धुक्यातल्यासारखं दिसायचं. तरी बोटांनी चाचपत तिने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाडजूड खोळ विणली. खालपर्यंत येणारी, तारांपुरती काजं ठेवलेली. "हे माझं शेवटचं कापड," असं म्हणून तिने माग भाचीला देऊन टाकला. ओनोरीन त्या दिवशी रडली होती. मग ती खोळ पेटीवर चढली आणि पुन्हा कधी उतरली नाही. पडदा तेवढा उघडा. पेटी मात्र नव्या नवरीसारखी नखशिखान्त झाकलेली, बंद असतानाही आणि चालू असतानाही.

"नागडी पेटी आजारी पडते," म्हातारी म्हणायची. रोज सकाळी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसण्याआधी ती खोळीच्या चुण्या हाताने सारख्या करायची.

जानेवारीत पेटी घरघरायला लागली. मग दुपारच्या वेळी आपोआप बंद पडायला लागली. धूळ आत जातेय, दुसरं काय, असं ओनोरीनने ठरवून टाकलं. तिने दाराला ओलं पोतं लावलं, खिडकीच्या फटी बुजवल्या, खोळीवर आणखी एक चादर टाकली. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला! जितकी ती झाकत गेली, तितकी पेटी लवकर बंद पडत गेली.

खरं कारण माहीत असलेला माणूस रोज संध्याकाळी तिच्याच दुकानात येऊन बसायचा. इसिदोर पारे, सरकारी शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा मास्तर. पण त्याच्यात एक खोट होती: तो सामो जमातीचा होता, आणि ओनोरीन मोसी. मोसी आणि सामो यांचं आजे-पणजांपासूनचं थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना घालूनपाडून बोलायचं, कुणी रागवायचं नाही. सामोने हक्काने काही मागितलं तर मोसीने नाही म्हणायचं नाही. आणि सामो जे बोलेल त्यातला एक शब्दही खरा धरायचा नाही. हा शेवटचा नियम कुणी केलेला नव्हता, तो आपोआप अंगवळणी पडला होता.

"कुठं गेली माझी गुलाम?" इसिदोर दारातूनच ओरडायचा.

"आला गं आई, कुत्र्याची मुंडी खाणारा आला! आपला कुत्रा आत बांध."

"कुत्रा राहू दे, दोलो आण. आणि ओनोरीन, तो पेटीचा झगा काढ आधी. आत पंखा आहे, त्याला हवा लागते. गुदमरून मरेल ती."

मायलेकी खो खो हसायच्या.

"सामोला कपड्यातलं काय कळतंय!" म्हातारी म्हणायची. "तुझा आजा आमच्याकडून लंगोटी उसनी न्यायचा, ती अजून परत आली नाही."

"अगं, खरं सांगतोय. मी पोरांना हेच शिकवतो शाळेत."

"तरीच पोरं नापास होतात!" ओनोरीन म्हणायची आणि दोलोचं, म्हणजे ज्वारीच्या दारूचं, भांडं त्याच्यापुढे ठेवायची.

एकदा तो चेहरा अगदी गंभीर करून, आवाज खाली आणून बोलला. तेव्हा तर म्हातारीला हसून हसून ठसका लागला. "काय नक्कल करतो मेला! अगदी डॉक्टर!" इसिदोरने हात टेकले. उभ्या गावात त्याचं ऐकणारं कुणी नसतं तर चाललं असतं. इथं सगळे ऐकत होते आणि टाळ्या देत होते.

त्या शनिवारी गावातल्या आगाथ नावाच्या मुलीचं लग्न होतं. तिच्या बापाने पुस्तिकेचं काम ओनोरीनला दिलं होतं: गाणी, प्रार्थना, दोन्ही घराण्यांची नावं. सगळं पेटीत टाइप झालं होतं, छापायचं तेवढं बाकी. गुरुवारी सकाळी पेटी दोनदा बंद पडली. ओनोरीनने खोळीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आत भाकरीच्या तव्याची धग होती.

तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं, ही खोळ काढून बघावी का? तिने दाराकडे पाहिलं. म्हातारी स्टुलावर बसून, आलेल्या एका बाईला अभिमानाने सांगत होती, "आतली खोळ बघ जाऊन. या आंधळ्या हातांनी विणलीय. धुळीचा कण शिरायचा नाही." ओनोरीनचा हात खाली आला. म्हातारीचं शेवटचं कापड. त्यानेच घात केला असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने मूग गिळले आणि पुन्हा कळ दाबली.

दुपारी पेटी बंद पडली ती उठेचना. कळ दाबली, तारा हलवल्या, सांता मारियाला हाक मारली. काही नाही. आगाथच्या लग्नाची पुस्तिका आत, आणि दोन दिवसांवर लग्न. पुस्तिका नाही मिळाली तर पुन्हा या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आवाज ऐकून शेजारच्या बायका जमल्या. म्हातारी चाचपत आत आली आणि खोळीवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत इसिदोर आला. त्याने एकदा ओनोरीनच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा म्हातारीच्या हाताकडे. मग दारातच डोक्यावर हात मारून त्याने असा टाहो फोडला की पलीकडची शेळी दावं तोडून पळाली.

"मेली! अरे, माझ्या गुलामांची पेटी मेली! मोसींनी उपाशी मारली गं हिला!"

कुणाचं मयत असलं की थट्टेच्या नात्यातला माणूस असाच येतो, लोळण घेतो, आणि त्याचा मान दिल्याशिवाय प्रेत हलू देत नाही. बायकांना रडावं की हसावं कळेना. इसिदोरने पेटी उचलून अंगणात चटईवर ठेवली आणि स्वतः तिच्या शेजारी आडवा झाला.

"मलाही पुरा हिच्याबरोबर! नाहीतर माझा मान टाका."

"ऊठ रे मेल्या," एक बाई म्हणाली. "कोंबडी घे आणि ऊठ."

"कोंबडी नको."

"दोलो घे, घागरभर."

"नको. मला मेलीच्या अंगावरचं वस्त्र पाहिजे."

ते कापड म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. ओनोरीन पुढे होणार, तोच म्हातारी म्हणाली, "सामोने मागितलं, द्यायलाच पाहिजे. नाही म्हणता येत नाही." तिने वाकून स्वतःच्या हाताने खोळ काढली, घडी घातली आणि इसिदोरच्या छातीवर टाकली. "घे. आयुष्यात पहिल्यांदा अंगभर कपडा मिळाला असेल तुला."

बायका हसल्या, पण म्हातारी चाचपत बाजूला जाऊन बसली.

इसिदोर उठून बसला. "आता पुरण्याआधी, कशाने मेली ते बघायला नको?" त्याने खिशातून स्क्रू पिळायचं हत्यार काढलं. ते आधीपासूनच कसं काय खिशात होतं, हे कुणी विचारलं नाही. त्याने पेटीची बाजू उघडली. ओनोरीन वाकली. आत सगळीकडे लाल धूळ, ती तिला अपेक्षितच होती. पण पंख्याच्या पात्यांत आणि त्यामागच्या जाळीत उशीतल्या कापसासारखा जाड थर बसला होता, आणि तो लाल नव्हता. निळा आणि पांढरा होता.

तिने इसिदोरकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, गप्प.

"धूळ!" तो मोठ्याने ओरडला. "मोसींच्या घरची धूळ! पंप आणा कुणीतरी, सायकलचा!"

पंप आला. पंखा गरगरू नये म्हणून त्याने एका बोटाने पातं धरलं आणि दुसऱ्या हाताने नळी रोखून ओनोरीनकडून पंप मारून घेतला. निळ्या-पांढऱ्या सुताचा पुंजका सुटला, वाऱ्यावर उडाला. म्हातारी त्याच अंगाला बसली होती. तिने मांडीवरचा केर झटकला आणि पदर सारखा केला. इसिदोरने मऊ ब्रशने कानाकोपरे साफ केले, पेटी थोडा वेळ सावलीत निवू दिली, मग आत नेऊन स्टुलावर ठेवली, जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर.

कळ दाबली. पंखा फिरला, पडदा उजळला. आगाथची सगळी गाणी जागच्या जागी होती.

"जिवंत झाली!" बायका ओरडल्या. "इसिदोर, आता कापड परत कर!"

"मयताचा मान कधी परत करतात का?" असं म्हणून तो खोळ काखोटीला मारून शाळेत पळाला.

ओनोरीन दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस हा माणूस खरं सांगत होता. आणि ऐकेनात म्हटल्यावर, म्हातारीला एका शब्दानेही न दुखवता, कापड मागून घेऊन गेला. तिला त्याची इतकी माया आली की दिसेनासा होईपर्यंत तिने त्याला मोठ्याने शिव्या घातल्या.

शनिवारी आगाथच्या लग्नात प्रत्येकाच्या हातात पुस्तिका होती. जेवणाच्या वेळी इसिदोर आला आणि मांडवात हशा उसळला. त्याने खोळीचा झगा शिवून घेतला होता, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, गुडघ्यापर्यंत.

"अरे, कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटर!"

"तारा कुठून घालायच्या रे तुला?"

तो कुणाला उत्तर न देता सरळ तिपोकोपुढे जाऊन उकिडवा बसला. "आई," तो म्हणाला, "माझ्या अंगाला असं कापड कधी लागलं नव्हतं. या गावात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

मांडव पुन्हा हसला. सामो मोसीची स्तुती करतोय, याहून मोठा विनोद कोणता! म्हातारी हसली नाही. तिने त्याची बाही पकडली, अंगठा आणि बोटामध्ये कापड चोळून बघितलं.

"पुन्हा म्हण."

इसिदोरने पुन्हा म्हटलं, सावकाश. या खेपेला कुणी हसलं नाही.

म्हातारीने कमरेची गाठ सोडून एक लहानसं फडकं काढलं. दोलो गाळायचं असतं तसलं, विरळ विणीचं, पण नवं, कडा दुमडलेलं. "भाचीच्या मागावर बसले होते काल," ती ओनोरीनला म्हणाली. "हे त्या पेटीच्या नाकापुरतं लाव. वारा जाईल, धूळ अडेल. आणि दर आठवड्याला झटक."

ओनोरीनने हातातला घास खाली ठेवला. "आई, तुला कळलं होतं?"

"माझ्याच मांडीवर उडालं की. माझं सूत मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बिचारा एवढा लोळला, एवढा रडला. त्याचा मान नको ठेवायला?" तिने इसिदोरच्या गालावर हलकेच चापट मारली. "कुत्र्याच्या मुंडीवर वाढला, पण पोर चांगलं निघालं."

इसिदोरने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि उलट शिवी काही केल्या सुचत नव्हती.

"बघा, बघा गं सगळ्याजणी," म्हातारी मांडवाकडे वळून ओरडली, "सामो गप्प बसलाय!"