न दिसलेला वाढपी

सायखेड्याच्या समाधानच्या दोन्ही किडन्यांनी तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा नाशिकला येऊन मशीनवर रक्त धुऊन घेई. "आमच्या खानदानात एवढी धुलाई कुणाच्या कपड्यांचीबी झाली नाय," असं तो स्वतःच सांगे. पाण्यावर मात्र कडक बंदी. कसंबसं तांब्याभर, तेही दिवसभर पुरवायचं.

त्या सोमवारी वजन चार किलोनं वाढलेलं निघालं.

"कुठं प्यायलात एवढं?" स्नेहा सिस्टर कडाडल्या.

"लग्नाच्या पंगतीत. कढी."

"नको म्हणता येत नाही?"

"वाढपी दिसाया तर पाहिजे ना, ताई! समोरचं दिसतं, बाजूचं नाय. पळी येते, कढी येते, माणूस येतच नाय. ताटात पडलेलं टाकायचं कसं?"

अख्खा वॉर्ड हसला. शेजारचे सावळीरामकाका तर इतके हसले, की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.

समाधानही हसला. तीच तर त्याची गोची होती. दोन महिने तो चौकटींना खांदे धडकवत होता. परवा गोठ्यात म्हशीवर आदळून तिला "सॉरी, काकू" म्हणाला होता. डोकं दुखतं म्हणावं, तर घरचे सगळं किडनीच्या नावावर टाकत. नजर जातेय हे सांगायला तोंड उघडलं, की आतून विनोदच बाहेर पडे.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना सिस्टरनं कढीचा किस्सा सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. "माझ्या नाकाकडे बघा," म्हणत त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवली.

"किती बोटं?"

"आधी हात तर आणा, डॉक्टर."

या वेळी कुणीच हसलं नाही.

तपासणीत मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत, लिंबाएवढी गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण नजरेच्या नसा दाबत होती. नाकातून ऑपरेशन करून काढायची, उशीर केला तर समोरचंही दिसायचं बंद.

"आता काय विनोद?" बायको साधनानं विचारलं.

"भ्या वाटतंय गं."

एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून ऐकून तीच जास्त घाबरली.

ऑपरेशननंतर तो जागा झाला, तेव्हा नाकात बोळे कोंबलेले होते. साधना डावीकडे, भिंतीला टेकून उभी होती. त्यानं मान जराही वळवली नाही, नजरही समोरच होती.

"साडी उलटी नेसलीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आता तरी गप बसा की!" तिनं झापलं, आणि मग खाली पाहिलं.

साडी खरंच उलटी होती.