चौकीदाराची झोप

देवमनची झोप ही त्या गल्लीची सार्वजनिक बाब होऊन बसली होती, आणि ती तशी केली होती त्याच्या बायकोनं.

देवमन अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात रात्रीचा चौकीदार. सकाळी घरी यायचा, भाकरी खाऊन आडवा व्हायचा आणि दिवेलागणीच्या आधी पुन्हा कामावर. पातूरची पंचफुला लग्न होऊन जुन्या शहरातल्या या दीड खोलीत आली, त्याला चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत नवराबायकोचं बोलणं भाकरी आणि मिठाच्या पुढे गेलं नव्हतं.

माणूस रात्रभर जागतो, त्याला दिवसा तरी सुखाची झोप लागावी, म्हणून पंचफुला त्या खोलीच्या हात धुऊन मागे लागली. बाजेवर उकळतं पाणी ओतून ढेकूण मारले, सैल दोरी ओढून घेतली. माहेराहून शेवरीचा कापूस आणून उशी भरली. खिडकीवर पोतं टांगलं, त्यात वाळ्याची मुळं खोवली आणि त्यावर तासातासानं पाणी मारू लागली. बाहेर वैशाख रणरणत असताना आत गार संध्याकाळ व्हायची.

मग आवाजांची पाळी आली. दारातल्या कोंबड्या गेल्या, पोरं हाकलली गेली. भाजीवाल्या मैनाबाईला या दारापुढे हाळी द्यायची बंदी झाली. शेवटी पंचफुलानं स्वतःच्या बांगड्यांना चिंधी गुंडाळली आणि दिवसभर ओट्यावर राखण करत बसू लागली. म्हणजे घरात आता चौकीदार दोन झाले.

"झोप लागली?" असं संध्याकाळी विचारलं की देवमन म्हणायचा, "हाव, मस्त." तिला बरं वाटायचं आणि रडूही यायचं. दाराआड चार हातांवर तो होता, आणि तिला त्याच्याशी किती बोलायचं होतं! लग्नात मामाची टोपी कशी हरवली, मोर्णा नदीवर आज कोण भांडलं, आणि तो तिला फार आवडतो, हेसुद्धा. सगळं ती ओट्यावर बसून मनातल्या मनात सांगायची.

एका दुपारी मैनाबाई टोपली उतरवून ओट्यावर टेकली, तसा पंचफुलाचा बांध फुटला.

"मावशी, सोमवारी मी पातूरले चालली. अन् लवकर येत नाई."

"काहून वं? मारते का?"

"मारत नाई. बोलतच नाई. त्यायले उशी पायजे, बाज पायजे. मी नाई पायजे."

आतून आवाज आला, "सोमवारी कोणत्या मोटरनं?"

मैनाबाईनं टोपली उचलून पोबारा केला. पंचफुला घाबरून आत गेली. देवमन बाजेवर उताणा पडलेला, डोळे टक्क उघडे.

"मी उठवलं का तुमाले?"

"झोपलोच नोतो. आज नाई, महिना झाला." तो उठून बसला. "रातभर जिनात सामसूम असते. कुठं खुट्ट होते का म्हून कान देऊन बसा लागते. तू इथं तशीच सामसूम केली. पडलो का मले वाटते, ड्यूटीवरच हाय."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू इतकी राबून राहिली. कोणत्या तोंडानं सांगू?" तो खाली पाहत म्हणाला, "पयले तू इथंच भांडे घासे. तुह्या बांगड्या वाजत. तवा वाटे, घरी कोणी जागं हाय, आता आपण झोपलं तरी चालते."

पंचफुलानं बांगड्यांवरची एकेक चिंधी सोडली आणि बाजेपाशी खाली बसली.

"बोल काईबी," तो आडवा होत म्हणाला. "मी आयकून राहिलो."

चार महिन्यांचं साठलेलं, कुठून काढावं तिला कळेना. तिनं मामाच्या टोपीपासून सुरुवात केली. टोपी सापडायच्या आत देवमन घोरू लागला.

ती थांबली, तशा त्याच्या पापण्या हलल्या. मग तिला थांबता येईना. टोपी सांगून झाली, मोर्णेवरचं भांडण झालं, आणि शेवटी त्यानं जागेपणी ऐकावं म्हणून जपून ठेवलेलं तेही तिनं त्या झोपलेल्या माणसाला सांगून टाकलं. मग डोळे पुसले आणि तिथंच बसून, बांगड्या वाजवत, भांडी घासायला घेतली.